रेषेपासूनची रेषा

शासनव्यवहाराच्या भाषेत 'पासून' हे लहानसे शब्दयोगी अव्यय फार मोठे काम करते. भरतीरेषेपासून इतके मीटर, अभयारण्याच्या हद्दीपासून इतके किलोमीटर, ओढ्याच्या काठापासून इतके अंतर. कायदा प्रत्यक्ष रेषा क्वचितच आखून देतो. तो एक मूळ रेषा दाखवतो, एक अंतर सांगतो, आणि त्या अंतरावरून जाणारी दुसरी रेषा काढण्याचे काम प्रशासनावर सोपवतो. या दुसऱ्या रेषेची जमिनीवर कोणतीही खूण नसते. तिथे बांध नसतो, दगड नसतो, झाडही नसते. तरीही घर बांधता येईल का, जमीन विकली तर भाव काय येईल, बँक कर्ज देईल का, हे सारे त्या न दिसणाऱ्या रेषेवर ठरते.

कोकणाशी नाते असलेल्या वाचकांना अशी एक रेषा चांगली परिचित असेल. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आणला. पुढे २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये नव्या अधिसूचना निघाल्या. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते अंतर धरावे असे आहे. वाक्य किती सुबोध आहे! पण खाडी आत जाताना निमुळती होत जाते. म्हणजे एका मर्यादेनंतर हे अंतर पावलागणिक बदलू लागते, आणि अधिसूचनेतले एक वाक्य नकाशावर शेकडो बिंदूंचे गणित होऊन बसते.

आज ज्या ठिकाणाबद्दल लिहायचे आहे ते मात्र समुद्रापासून फार दूर, शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी आहे. चंदीगडच्या वायव्येला, पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातले मुल्लानपूर. क्रिकेटप्रेमींना हे नाव २०२४ पासून आयपीएलच्या सामन्यांमुळे ठाऊक झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राचे होमी भाभा कर्करोग रुग्णालयही येथे आहे. त्याचे उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. शेतांच्या मधूनच रुंद रस्ते निघाले आहेत आणि फलकांवर 'न्यू चंदीगड' असे नाव झळकते आहे.

हे गाव मुळातच एका 'पासून'च्या आत वसलेले आहे. नवी राजधानी उभारताना तिच्या भोवती बेशिस्त बांधकाम होऊ नये म्हणून १९५२ साली पंजाब नवी राजधानी (परिसर) नियंत्रण कायदा झाला. राजधानीसाठी संपादित केलेल्या जमिनीच्या बाहेरच्या हद्दीपासून सर्व बाजूंनी पाच मैल, असा तो पट्टा होता. १९६२ मध्ये पाचाचे दहा मैल झाले. १९६६ मध्ये पंजाबची पुनर्रचना झाली आणि हा एक पट्टा पंजाब, हरियाणा व केंद्रशासित चंदीगड अशा तिघांत वाटला गेला. मोहाली, पंचकुला, झिरकपूर ही सारी वस्ती याच पट्ट्यात उभी राहिली. एका वाकड्यातिकड्या आकृतीला सर्व बाजूंनी समान अंतरावर आवरण घालणे, हीच त्या कायद्यातली भूमिती. संगणकाच्या परिभाषेत हिला पाथ ऑफसेटिंग म्हणतात. नकाशाचे काम करणारे तिला बफर काढणे म्हणतात.

पूर्वी हे काम पटवारी कापडी नकाशावर, साखळीने आणि नजरेने करीत असे. आज ते आज्ञावली करते. बहुतेक कार्यालयांना ठाऊक नसते की पडद्यावर दिसणाऱ्या नकाशा-प्रणालीच्या पोटात भूमितीची एक स्वतंत्र लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, असतो. क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएस या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालींच्या पोटात जिओस नावाची लायब्ररी आहे. ती जेटीएस या आधीच्या लायब्ररीवरून बेतलेली आहे. क्लिपर नावाची आणखी एक लोकप्रिय लायब्ररी आहे. तिचा पाया बाला वट्टी यांच्या १९९२ च्या शोधनिबंधात आहे. या लायब्रऱ्या मोफत मिळतात, आणि त्या घडवणारे लोक दूरदेशी बसून आपापल्या निष्ठेने त्या सुधारीत असतात.

बफर काढणे वरवर सोपे वाटते. आकृतीची प्रत्येक बाजू ठरलेल्या अंतराने बाहेर सरकवायची आणि टोके जोडायची. प्रश्न येतो तो कोपऱ्यांवर. बाहेरच्या कोपऱ्यावर सरकलेल्या दोन बाजूंमध्ये फट पडते. ती गोल कमानीने भरता येते, तिरकी कापता येते, किंवा दोन्ही बाजू पुढे वाढवून टोकदार करता येते. टोकदार पद्धतीत कोपरा जितका अरुंद तितके टोक लांब जाते. १५० मीटरचा पट्टा आणि ४५ अंशांचा कोपरा घेतला तर टोक मूळ कोपऱ्यापासून ३९२ मीटर दूर पडते. म्हणून अशा टोकांना मर्यादा घातलेली असते. क्लिपरमध्ये ती अंतराच्या दुप्पट आहे, पोस्टजीआयएसमध्ये पाचपट. वापरणाऱ्याने वेगळे काही सांगितले नाही तर हेच आकडे लागू होतात. पहिल्या मर्यादेने ६० अंशांखालचे कोपरे कापले जातात, दुसरीने सुमारे २३ अंशांखालचे. कायद्यातल्या 'पासून'चा प्रामाणिक अर्थ मात्र गोल कमानीनेच निघतो. आणि संगणक कमानही खरी गोल काढत नाही; लहान सरळ तुकड्यांनी ती सजवतो. पोस्टजीआयएसमध्ये, वेगळे सांगितले नाही तर, पाव वर्तुळाला आठ तुकडे असतात. त्यामुळे तुकड्यांच्या मध्यावर अंतर सुमारे अर्धा टक्का कमी भरते. ५०० मीटरच्या पट्ट्यात हा फरक जेमतेम अडीच मीटरचा. चंदीगडच्या दहा मैलांच्या पट्ट्यात तो सुमारे ७७ मीटरचा होईल. ७७ मीटरांत एक वाडी सहज मावते.

आतल्या बाजूचे गणित अधिक फसवे आहे. शेतकरी बांधाच्या कडेने औत धरून आत आत वळसे घेत जातो, तेव्हा प्रत्येक फेऱ्यागणिक मधली जागा लहान होत जाते. शेवटी एक अरुंद पट्टी उरते, मग तीही संपते आणि तो औत सोडतो. यंत्राला औत केव्हा सोडायचे ते आपोआप कळत नाही. ते बाजू सरकवीत राहते. जागा संपल्यावर समोरासमोरच्या बाजू एकमेकींना ओलांडून जातात आणि आकृती मोज्यासारखी उलटी होऊन बाहेर पडते. तेथे जमीन नसते, पण कागदावर एक बंदिस्त आकृती दिसते. तिला आपण भुताटकीचे खाचर म्हणू. चांगली लायब्ररी प्रत्येक आकृतीची दिशा, म्हणजे ती डावीकडून फिरते की उजवीकडून, तपासते आणि अशी भुते काढून टाकते. हे काढणे नेमके कसे करायचे, यावरच लायब्ररी घडवणाऱ्यांचे निम्मे कौशल्य खर्च होते.

आता प्रत्यक्ष प्रकरणाकडे येतो. शिवालिकातून उतरणाऱ्या हंगामी ओढ्यांना इकडे 'चो' म्हणतात. वर्षातले बरेच महिने कोरडी वाळू, आणि पावसाळ्यात एका रात्रीत अंगावर येणारे पाणी. १९०० सालचा पंजाब भूसंरक्षण कायदा या चोंच्या उपद्रवातूनच जन्मला. मुल्लानपूर परिसरातल्या अशा एका चोच्या दोन्ही बाजूंना १५० मीटरचा पट्टा आखण्याचा एक मसुदा तयार होत होता आणि त्यावरच्या हरकतींच्या सुनावणीत बसण्याचा योग मला आला. ते काम कोणत्या कार्यालयाचे होते, याला येथे महत्त्व नाही.

एक वृद्ध शेतकरी उभे राहिले. हातात जमाबंदीची नक्कल, म्हणजे आपल्याकडच्या सातबाराचे पंजाबी भावंड, आणि आदल्या वर्षीच्या मसुद्याची घडी घातलेली प्रत. ते पंजाबीत म्हणाले, "साहेब, चो होता तिथेच आहे. माझे शेत होते तिथेच आहे. गेल्या वर्षी तुमच्या कागदात माझे शेत बाहेर होते, यंदा आत आहे. मग चाललं कोण?"

"बाबाजी, यंदा मोजणी नव्याने झाली का?" मी विचारले.

"मोजायला कुणी आलंच नाही," ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे खरे निघाले. चोची मध्यरेषा तीच होती, अंतर तेच होते. नकाशाचे काम पाहणाऱ्या तरुण अभियंता बाईंनी दोन्ही मसुदे एकावर एक ठेवले. सर्व रेषा जुळल्या. फक्त एका ठिकाणी फरक होता. तेथे चो घोड्याच्या नालासारखा वळतो. नालाची दोन टोके एकमेकांपासून तीनशे मीटरांपेक्षा जवळ आहेत, त्यामुळे दोन्हीकडचे पट्टे तोंडाशी एकमेकांत मिसळतात. पण नालाच्या पोटात एक जागा उरते, जी कोणत्याही बाजूने चोपासून १५० मीटरांपेक्षा दूर आहे. पट्ट्याच्या मधोमध ती हौदासारखी राहते. आदल्या वर्षीच्या नकाशात हा हौद होता. यंदाच्या नकाशात तो बुजला होता. हौदाचे क्षेत्र २८ कनाल, म्हणजे साडेतीन एकर. इकडे आठ कनालांचा एक एकर होतो.

कारण शोधायला त्या बाईंना तीन दिवस लागले. मधल्या काळात प्रणालीची नवी आवृत्ती बसवली गेली होती आणि तिच्यासोबत पोटातली भूमितीची लायब्ररीही बदलली होती. जुन्या लायब्ररीत एक खरा दोष होता. वर सांगितलेली भुताटकीची खाचरे काही वेळा शिल्लक राहात. तो दोष काढण्यासाठी घडवणाऱ्यांनी एक झटपट चाचणी घातली: अमुक प्रकारची आतली लहान आकृती दिसली की ती उलटलेली समजून टाकून द्यावी. भुते गेली. त्यांच्यासोबत काही खरी खाचरेही गेली, आणि त्यांतले एक या बाबाजींचे होते.

संगणकवाले याला रिग्रेशन म्हणतात. काल जे नीट चालत होते ते आजच्या सुधारणेमुळे बिघडणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे दुखणे उलटणे असा शब्दप्रयोग आहे, पण तो पुरेसा नाही. येथे जुने दुखणे परत आलेले नसते. एका दुखण्यावरच्या औषधाने दुसरा धडधाकट अवयव जायबंदी झालेला असतो.

प्रशासनात काही वर्षे काढलेल्या माणसाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. बोगस शिधापत्रिका शोधण्याची मोहीम निघते. अमुक महिने धान्य उचलले नाही तर कार्ड बोगस समजावे, असा झटपट निकष ठरतो. हेतू निखळ असतो आणि पुष्कळ खोटी कार्डे खरोखरच जातात. पण ऊसतोडीसाठी सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबाचे खरे कार्डही त्याच चाळणीतून खाली पडण्याचा धोका असतो. निकषाला भूत आणि खाचर यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त आकार दिसतो.

वरच्या पातळीवरही असेच घडते. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांच्या भोवती किमान एक किलोमीटरचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र असावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी दिला. अनेक राज्यांतली क्षेत्रे वर्षानुवर्षे निश्चित होत नव्हती, त्या रोगावरचे ते औषध होते. परंतु कित्येक ठिकाणी स्थानिक परिस्थिती पाहून मसुदा वा अंतिम अधिसूचना आधीच निघालेल्या होत्या. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयानेच आदेशात बदल केला आणि अशा ठिकाणी ही सरसकट अट लागू राहणार नाही असे स्पष्ट केले. न्यायालयापुढे पुन्हा जाता येते, युक्तिवाद करता येतो, आणि सुधारणा सर्वांसमोर होते. आज्ञावलीच्या आवृत्तीबदलाला मात्र ना राजपत्र असते, ना हरकतीची मुदत. एका दुपारी कोणीतरी 'अद्ययावत करा' या बटणावर बोट ठेवते, आणि साडेतीन एकर जमीन आत जाते.

मला अधिक अस्वस्थ करते ते हे, की आपल्या नेहमीच्या तपासण्यांत हा दोष सापडलाच नसता. आपण बेरीज तपासतो. त्या पट्ट्याचे एकूण क्षेत्र सुमारे नऊशे एकर होते. साडेतीन एकरांचा फरक अर्ध्या टक्क्याच्याही आतला. अहवालात 'गतवर्षीशी सुसंगत' असाच शेरा पडला असता. पण बाबाजींच्या दृष्टीने फरक शंभर टक्क्यांचा होता. सरासरी आणि बेरीज यांना माणूस दिसत नाही, हे आपण आकडेवारीबद्दल नेहमी बोलतो. रेषांबद्दलही ते तितकेच खरे आहे.

दुसरी गोष्ट सिद्धतेच्या भाराची. पंजाबच्या १८८७ च्या जमीन महसूल कायद्याचे कलम ४४ आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १५७ सांगते, की अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. या गृहीतामागे एक व्यवस्था आहे: नोटीस, हरकत, चौकशी, सही करणारा अधिकारी. संगणकाने काढलेल्या रेषेमागे यांपैकी काहीही नसते. तरीही खरेपणाचे तेच वलय आपण सवयीने तिलाही देतो, आणि ती चुकीची आहे हे दाखवण्याचे ओझे ज्याच्याकडे संगणक नाही त्याच्यावर टाकतो. बाबाजींनी जुना कागद जपून ठेवला नसता तर त्यांच्या प्रश्नाला उभे राहायला जागाच नव्हती.

नंतर सारे मागे घेऊ, हे समाधानही खरे नसते. भूमितीचा एक नियम येथे आठवतो. एखादी आकृती १५० मीटर बाहेर फुगवून पुन्हा १५० मीटर आत आणली तर ती नेहमी मूळ रूपात परतत नाही. अरुंद खाचा बुजतात त्या बुजलेल्याच राहतात. मसुदा रद्द झाला तरी त्या वर्षी न मिळालेले कर्ज, मोडलेला सौदा, लांबलेले लग्न हे परत येत नाही.

मग उपाय काय? ज्यांच्या हातून हा दोष झाला त्यांच्याकडूनच तो शिकण्यासारखा आहे. लायब्ररी घडवणाऱ्यांकडे जुन्या प्रकरणांची एक पोतडी असते. आजवर जो जो दोष सापडला, त्या त्या ठिकाणची आकृती आणि तिचे योग्य उत्तर त्यांनी जपून ठेवलेले असते. नवी आवृत्ती बाहेर जाण्यापूर्वी ही सारी प्रकरणे तिच्यासमोर पुन्हा ठेवली जातात. जेटीएससाठी लिहिलेली अशी चाचणी-प्रकरणे जिओसमध्येही वापरली जातात. एका घराचा अनुभव दुसऱ्या घराला वारशाने मिळावा तसे. या पोतडीत नसलेले प्रकरण मात्र सुटून जाते, आणि नालाचे हे वळण तिच्यात नव्हते.

आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारा संगणकावर आला तेव्हा गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातली नोंद गावासमोर मोठ्याने वाचायची, जुन्या नोंदीशी ताडून पाहायची, फरक निघाला तर संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त करायची. तलाठी, ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वाचीत आणि लोक कान देऊन ऐकत. चावडीवरच्या म्हाताऱ्याला एकूण क्षेत्राची बेरीज ठाऊक नसते. त्याला स्वतःचा गट नंबर आणि शेजाऱ्याचा बांध पाठ असतो. नेमकी हीच तपासणी यंत्राला जमत नाही.

मला सुचते ते असे. जेथे कायद्याची रेषा आज्ञावलीने काढली जाते, तेथे कोणत्या प्रणालीची, कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरली, कोपरे कसे जोडले आणि कमानीला किती तुकडे दिले, हे नकाशाच्या कोपऱ्यातच छापावे. आवृत्ती बदलली की जुनी रेषा आणि नवी रेषा एकावर एक ठेवून फक्त फरकाची यादी काढावी आणि ती जमिनीच्या क्रमांकानिशी गावात वाचावी. फरकाच्या प्रत्येक तुकड्याखाली एका अधिकाऱ्याने कारण लिहून सही करावी. आणि हरकतीत खरे ठरलेले प्रत्येक प्रकरण फायलीत बंद न करता पुढच्या आवृत्तीच्या परीक्षेसाठी राखून ठेवावे.

जुने तेच खरे, असा हा आग्रह नव्हे. जुनी रेषाही चुकीची असू शकते. कित्येकदा नवी आवृत्ती खरोखर दोष काढते आणि एखाद्याची जमीन न्यायाने आत येते. चोचे पाणी कोणाची हरकत ऐकत नाही, आणि पट्टा आखण्याचा हेतू लोकांचे जीव वाचवण्याचाच होता. म्हणणे इतकेच, की बदल झाला आहे हे ज्याच्यावर झाला त्याला आधी कळावे, आणि तो का झाला याचे उत्तर देणारे माणूस असावे. "सिस्टीममध्ये तसे दिसते आहे" हे उत्तर नव्हे.

त्या मसुद्यातली रेषा दुरुस्त झाली आणि २८ कनाल पुन्हा बाहेर आले. अभियंता बाईंनी नालाच्या त्या वळणाची आकृती, गावाचे वा कोणाचेही नाव न देता, लायब्ररी घडवणाऱ्यांकडे पाठवली. त्यांनी ओळख ना पाळख असताना दोष मान्य केला, आभार मानले आणि आकृती आपल्या पोतडीत ठेवली. आता प्रत्येक नव्या आवृत्तीपूर्वी शिवालिकाच्या पायथ्याचे ते वळण तेथे तपासले जाते. आपल्या कार्यालयात ते कोठे ठेवावे, असे मी विचारले तेव्हा निकाली प्रकरणांच्या गठ्ठ्याखेरीज दुसरी जागा कोणालाही सुचली नाही. ती जागा निर्माण करायला नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरेसे आहे.